केशरी, पिवळं, पांढरं

२०२४ च्या जुलैमधली गोष्ट. ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज भरायची झुंबड उडाली होती आणि आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मोबाइल पुढे करून म्हणाल्या, "ताई, तेवढं भरून द्या." उत्पन्नाच्या दाखल्यापाशी मी अडले. मावशी शांत होत्या. "दाखला नको लागत. आमचं केशरी आहे." पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला माफ, हे त्यांना माझ्या आधी माहीत होतं. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून कार्ड काढलं. घडीवर फाटलेलं, चिकटपट्टी लावलेलं, कडा मळून तपकिरी झालेल्या, पण रंग ओळखू येत होता.

आमचं कार्ड पांढरं. ते कुठल्या कपाटात आहे हे शोधायला मला अर्धा तास लागेल. मावशींचं पिशवीत, सतत सोबत. फरक तिथेच कळतो म्हणा.

तेव्हापासून हा रंगांचा विषय डोक्यात घोळतोय. पंचवीस वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराला सरकारने एक रंग दिला आणि आपण तो इतक्या सहज अंगावर घेतला की आता ‘केशरीवाले’, ‘पिवळेवाले’ हे शब्द जातीसारखे तोंडात बसले आहेत. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं.

मुंबईत रेशनिंग सुरू झालं मे १९४३ मध्ये. आदल्या वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला होता आणि तिथून येणारा तांदूळ बंद पडला होता. बंगालात त्याच वर्षी दुष्काळात लाखो माणसं मेली. ग्रेगरी समितीने शिफारस केली की १ लाखाच्या वर वस्ती असलेल्या शहरांत रेशनिंग आणावं. मुंबईने त्याआधीच सुरुवात केली होती. आजीच्या तोंडून ‘कंट्रोल’ हा शब्द ऐकलेला आहे, कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलचं कापड. त्या व्यवस्थेमागचा विचार साधा होता: धान्य कमी आहे, पैसेवाला सगळं उचलून नेईल, म्हणून सगळ्यांना मोजून द्या. मलबार हिलवर राहणाऱ्याचं पोट आणि परळच्या चाळीत राहणाऱ्याचं पोट कागदावर तरी सारखंच धरलं होतं. काळा बाजार होताच, मलबार हिलवाला उपाशी झोपला असेल असं मी म्हणत नाही. पण कार्ड बघून माणसाची ऐपत कळायची सोय नव्हती.

पुढे कंट्रोल उठले, परत बसले, रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना १९५२ ते ५४ मध्ये पुन्हा सैल झाले. साठच्या दशकात अमेरिकेचा पीएल-४८० चा गहू, १९६५ मध्ये अन्न महामंडळ, मग १९७२ चा दुष्काळ आणि तो लाल मिलो. आमच्याकडे अजूनही कुणी ताटात नाक मुरडलं की "मिलो खाल्ला असतास म्हणजे कळलं असतं" हे वाक्य ठरलेलं.

माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या आसपास, रेशनच्या रांगेत आमच्या आळीतलं कोण नव्हतं? शाळेतल्या बाई होत्या, पोस्टातले काका होते, हमाली करणारे होते, आमची आई होती. पामतेलाची किटली, साखरेची पिशवी, रॉकेलचा डबा. दिवाळीच्या आधी जादा साखर सुटली की रांग वळसा घालून मारुतीच्या देवळापर्यंत जायची. वजनात मारायचा, खडे असायचे, आणि त्यावरून भांडायला बाई असायच्याच! वजनाचा काटा हलायचा थांबेपर्यंत त्या माप उचलू द्यायच्या नाहीत, आणि त्यांच्यामागच्या दहा बायकांना त्याचा आपोआप फायदा व्हायचा.

हे मला महत्त्वाचं वाटतं. १९७२-७३ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनात लाटणी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या, त्यात गिरणी कामगारांच्या घरातल्या होत्या तशा पांढरपेशा घरातल्याही होत्या. सगळ्यांचं दुकान एकच असल्यावर गाऱ्हाणंही एकच असतं.

जून १९९७ मध्ये केंद्राने ‘लक्ष्याधारित’ सार्वजनिक वितरण व्यवस्था आणली. (सरकारी मराठीत असे शब्द कोण घडवतं, एकदा भेटायचंय त्यांना.) अर्थ असा की यापुढे सगळ्यांना नाही, दारिद्र्यरेषेच्या खाली कोण आणि वर कोण ते बघून. सरकारचं म्हणणंही अगदीच चूक नव्हतं. अनुदानाचा बोजा वाढत होता, बोगस कार्डांचा सुळसुळाट होता, ज्यांना गरज नाही तेही साखर उचलत होते. मग महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून, म्हणजे बरोब्बर महाराष्ट्र दिनाचा मुहूर्त साधून, तीन रंगांची शिधापत्रिका सुरू केली.

नियम वाचण्यासारखे आहेत. पिवळं कुणाला? वार्षिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला. महिना १,२५० रुपये झाले, अख्ख्या घराचे. शिवाय घरात कुणी डॉक्टर, वकील, चार्टर्ड अकाउंटंट नसावा, कुणी आयकर किंवा व्यवसाय कर भरत नसावा, चारचाकी नसावी, ठरावीक मापापेक्षा जास्त जमीन नसावी. आणि घरी टेलिफोन नसावा. केशरी कुणाला? १५,००० च्या वर आणि १ लाखाच्या आत. १ लाख किंवा त्याच्या वर गेलात, किंवा चारचाकी असली, किंवा ४ हेक्टरच्या वर बागायत असली, की पांढरं. (तेव्हा राज्यात युतीचं सरकार होतं, म्हणून केशरी रंग ‘खालच्या’ किंवा ‘वरच्या’ला न देता मधल्याला दिला असावा, असा आमच्या बाबांचा सिद्धांत. पुरावा शून्य.)

आता त्या टेलिफोनबद्दल.

माझी एक आत्या तालुक्याच्या गावी एकटी राहायची. तिचे यजमान लवकर गेले, मुलगी लग्न होऊन लांब गेली. शिवणकाम करायची, उन्हाळ्यात पापड-कुरडया करून द्यायची. महिन्याला हजार रुपये हातात पडले तर तो महिना चांगला. तिला रात्री-बेरात्री काही झालं तर कळणार कसं, या काळजीने बाबांनी १९९७ मध्ये तिच्या नावाने फोनचा अर्ज केला आणि वर्षभर थांबल्यावर फोन आला. बिल बाबाच भरायचे. दर रविवारी सकाळी आम्ही सगळे आळीपाळीने तिच्याशी बोलायचो. ती फोनवर इतक्या मोठ्याने बोलायची की फोन नसता तरी ऐकू आलं असतं, असं आम्ही म्हणायचो.

कार्डांची चौकशी झाली तेव्हा त्या रकान्यात ‘आहे’ असं लिहिलं गेलं. पिवळं गेलं, केशरी मिळालं.

शेजारणीने म्हणे तिला सुचवलंही होतं, चौकशीला माणूस येईल तेव्हा फोन उचलून ट्रंकेत ठेव. त्यावर आत्या म्हणाली, "आणि भिंतीवरची तार? तीपण ट्रंकेत घालू?"

हे तिने आम्हाला सांगितलंच नाही. चारेक वर्षांनी माझ्या आत्येबहिणीकडून कळलं. (ताई, तू हे वाचशीलच. तपशील चुकला असेल तर सांग.) बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी तेव्हा बसून हिशेब केला होता. एप्रिल २००० पासून पिवळ्या कार्डावर महिन्याला २० किलो धान्य मिळायला लागलं, ते सरकारला पडणाऱ्या खर्चाच्या निम्म्या दरात. जुलै २००१ मध्ये त्याचे २५ किलो झाले, एप्रिल २००२ मध्ये ३५. आणि रेषेच्या वरच्यांसाठी त्याच एप्रिल २००० ला दर पूर्ण खर्चाइतका केला होता. म्हणजे केशरीवर धान्य कागदावर होतं, पण बाजाराच्या भावात रेशनचा गहू कोण घेणार? फोनचं भाडं आम्ही भरत होतो आणि त्या फोनपायी धान्याचा फरक ती भरत होती.

कुणी तिच्यावर अन्याय केला असं म्हणता येत नाही, हीच तर अडचण आहे. नियम होता, तो पाळला गेला. १९९९ मध्ये टेलिफोन ही सुखवस्तूपणाची खूण धरणं त्या काळाच्या हिशेबाने मूर्खपणाचंही नव्हतं. फक्त ती खूण तिची नव्हती, तिच्या भावाची होती.

ती एकटीच अशी नव्हती. मधुरा स्वामिनाथन यांनी त्या काळातल्या रेशनिंगचा अभ्यास करताना नोंदवलं आहे की अख्ख्या धारावीत दारिद्र्यरेषेखाली धरली गेलेली कुटुंबं होती १५१. लाखोंच्या वस्तीत एकशे एक्कावन्न! मुंबईत महिना १,२५० मध्ये अख्खं कुटुंब जगवणारा माणूस सापडणं कठीणच, कारण तो तोवर जगलेला नसणार.

आणि रांगेतल्या त्या बाईंचं काय झालं? त्यांना पांढरं मिळालं. पांढऱ्यावर धान्य नाही. त्यांनी ते कार्ड पासपोर्टसाठी, बँकेसाठी, गॅससाठी पत्त्याचा पुरावा म्हणून फाइलला लावून ठेवलं आणि त्या पुन्हा दुकानाकडे फिरकल्या नाहीत. आमची आईही नाही. काट्याकडे डोळे लावून उभं राहणारं, वर्तमानपत्राला पत्र लिहिणारं माणूस रांगेतून उठून गेलं. नंतर दुकान महिन्यातून किती दिवस उघडं असतं, धान्य कसलं येतं, याची चर्चा आमच्या घरात कधी झाल्याचं मला आठवत नाही. आम्हाला ते दिसेनासंच झालं.

रंगाने खूण करणं मुळातच वाईट, असं मला वाटत होतं. पण मग ब्रिटनबद्दल वाचलं. तिथे जानेवारी १९४० पासून रेशनिंग होतं आणि रेशनची पुस्तकंही रंगीत होती. बहुतेक मोठ्या माणसांना बदामी, ५ ते १६ वर्षांच्या मुलांना निळं, आणि गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांना हिरवं. हिरवं पुस्तक असलं की रोज दूध, अंडी दुप्पट आणि फळं आली तर आधी निवड. म्हणजे रंग तिथेही होताच, पण तो विचारत होता की या शरीराला काय हवं. खिशात किती आहे हे विचारत नव्हता. हिरवं पुस्तक दाखवताना कुठल्या बाईला मान खाली घालावी लागली नसेल.

बरं, रंगाला स्वतःचा काही अर्थ असतो असंही नाही. आपल्याकडे पांढरं म्हणजे खाऊन-पिऊन सुखी. सीमा ओलांडून जुन्या आंध्र प्रदेशात गेलात की पांढरं कार्ड गरिबाचं आणि वरच्यांना गुलाबी! केरळने २०१७ मध्ये नवी कार्डं दिली त्यात गुलाबी कार्ड प्राधान्याच्या, म्हणजे गरजू कुटुंबाचं, सगळ्यात गरिबाचं पिवळं, आणि निळं-पांढरं बाकीच्यांना. हैदराबादला बदली झालेल्या माझ्या मावसभावाने तिथल्या ऑफिसात मोठ्या ऐटीत "आमचं पांढरं कार्ड आहे" म्हणून सांगितलं तेव्हा लोक त्याच्याकडे दयेने बघायला लागले. (हा किस्सा तो स्वतःच सांगतो, त्यामुळे थोडा मीठमसाला धरून चाला.)

मग रंग कशासाठी? हिशेब तर वहीत असतोच. दुकानदाराच्या रजिस्टरमध्ये, तहसीलच्या यादीत लिहिलेलं असतंच की कुणाला किती द्यायचं. रंग लागतो तो बघणाऱ्यासाठी. लांबून कळावं, वाचायला लागू नये म्हणून. आणि एकदा लांबून कळायला लागलं की ते फक्त दुकानदारालाच कळत नाही.

याचं टोक राजस्थानात दौसा जिल्ह्यात दिसलं, २०१७ मध्ये. अन्नसुरक्षा कायद्याखाली धान्य घेणाऱ्या घरांच्या भिंतींवर मोठमोठ्या अक्षरांत रंगवलं गेलं की हे कुटुंब गरीब आहे आणि रेशनचं धान्य घेतं. नको त्यांनी नाव काढून घ्यावं, असा त्यामागचा हेतू. कार्ड निदान पिशवीत ठेवता येतं, भिंत कुठे लपवणार? ती बातमी वाचताना मला आत्याच्या भिंतीवरची तार आठवली.

आणि लगेच पुढच्या वर्षी पासपोर्टचा प्रकार. जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने ठरवलं की ज्यांना काही ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, त्यांच्या पासपोर्टचं वेष्टण नारिंगी करायचं. ही परवानगी लागते ती मुख्यतः दहावी न झालेल्यांना, आणि देशांच्या यादीत आखाती देश. म्हणजे रत्नागिरीचा एखादा गवंडी दुबईच्या विमानतळावर उभा राहिला तर त्याचं शिक्षण पुस्तक न उघडताच सगळ्या रांगेला कळणार. केरळमधून जोरदार विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि महिना संपायच्या आत सरकारने निर्णय मागे घेतला. चांगलंच झालं. पण तेव्हा मनात आलं, रेशनकार्डांच्या रंगांवरून असा विरोध झाल्याचं माझ्या कानावर कसं आलं नाही? कदाचित झालाही असेल आणि मी पांढऱ्या बाजूला असल्यामुळे माझ्यापर्यंत पोचला नसेल.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि रंगांचं गणितच बिघडलं. आता अंत्योदय आणि ‘प्राधान्य कुटुंब’ असे दोन गट. केशरीतले काही जण उत्पन्नाच्या नव्या अटीत बसले, गावात ४४,००० आणि शहरात ५९,००० पर्यंत, आणि त्यांच्या कार्डावर शिक्का पडला. बाकीचे केशरी बिनशिक्क्याचे. म्हणजे रंग एकच, पण एकाला धान्य आणि दुसऱ्याला नाही. पुढे दुकानात अंगठ्याची मशीन आली, मग तर कार्ड कुठल्या रंगाचं हे मशीनला विचारायचीही गरज उरली नाही. रंग मात्र राहिला. तोवर तो दुकानाबाहेर पडून दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे पसरला होता.

आत्याला शिक्का मिळाला. एकट्या माणसाचं कुटुंब, म्हणून महिन्याला ५ किलो. तीन किलो गहू २ रुपयांनी, दोन किलो तांदूळ ३ रुपयांनी. १२ रुपयांत महिन्याचं धान्य घेऊन घरी आली तेव्हा रविवारी फोनवर तिने मला ते दोनदा सांगितलं. फोन अजून तोच होता, तबकडीचा जाऊन बटणांचा झालेला.

त्याच वर्षी तिला छातीत दुखायला लागलं. जिल्ह्याच्या गावी नेलं, अँजिओप्लास्टी करायची ठरली. पैसे कसे उभे करायचे म्हणून बाबा बँकेचं पुस्तक घेऊन बसले होते. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राने आधी रेशनकार्ड मागितलं. राजीव गांधी जीवनदायी योजनेत पिवळं आणि केशरी दोन्ही चालत होतं, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. आत्याने उशीखालून कार्ड काढून दिलं. सगळं ऑपरेशन त्यात बसलं. बाबा मला बाहेर व्हरांड्यात म्हणाले, "बघ, शेवटी केशरीनेच वाचवलं." मला काय बोलावं सुचेना. इतकी वर्षं त्यांच्या मनात होतं ते त्यांना त्या दिवशी जरा उतरवून ठेवायचं होतं, एवढं कळलं. आमच्या पांढऱ्या कार्डावर ते झालं नसतं, हेही तेव्हाच कळलं. (राज्यातल्या सगळ्यांना रंग न बघता या योजनेत घ्यायचं सरकारने ठरवलं ते २०२३ मध्ये.)

शेवटच्या दोन वर्षांत मशीनवर तिचा अंगठा उमटेनासा झाला. आयुष्यभर सुई-कात्री धरून रेषा पार झिजल्या होत्या. दुकानदार चांगला माणूस होता, कधी दुसरं बोट लावून बघायचा, कधी उद्या या म्हणायचा. ती उद्या जायची.

२०१९ च्या पावसाळ्यात ती गेली. ताई कार्डावरचं नाव कमी करायला गेली तेव्हा कळलं की नाव एकच असल्यामुळे कार्डच जमा करावं लागेल. दिलं. देण्याआधी समोरच्या दुकानातून एक झेरॉक्स काढून घेतली, ती आता माझ्याकडे आहे. काळी-पांढरी. आत्याचं नाव, वय, दुकान क्रमांक आणि कोपऱ्यात तो शिक्का, सगळं नीट वाचता येतं. कार्ड कुठल्या रंगाचं होतं ते कळत नाही.